याव म्हणजे पाहिजे

इवू, चीन. ९ सप्टेंबर २०२५

माय,

फोन करायचा नाही असं तू म्हणाली होतीस. कागद लिहायचा नाही असं काही म्हणाली नव्हतीस. म्हणून कागद. ह्याचा फोटो काढून मालकाच्या मोबाईलवरून पंकीला पाठवणार, कारण आपल्याकडचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या मोबाईलवर इथं चालत नाही, त्यांच्या चालतं. पंके, माय भाकरी थापत असेल तवा वाच. हात पिठात असले की ती उठून जात नाही.

मी काही आपणहून लिहीत नाहीये. पंकीनं विचारलं म्हणून सांगतो. ती म्हणाली, सुप्याच्या एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत मशिनी बसवायला चिनी माणसं आलीत, ती आपल्या खानावळीत जेवायला येत होती, आणि अचानक यायची बंद झाली. आता समोरच्या ढाब्यावर जातात. "माय तोंडानं काय बोलत न्हाई, पर त्यांची गाडी गेली की उलथनं आपटती. तू चीनमधी हायेस ना, मग सांग त्यांचं काय बिनसलं."

मग मी तिला विचारलं, जेवताना ते काय बोलायचे. ती म्हणाली, "बुयावला बुयावला म्हणायचे. हात जोडायचे. पार ताटावर आडवं व्हायचे. माय वाढायची. शेवटी एकानं भाकरी खिशात घातली आन गेला."

माय, मी एवढा हसलो की आमच्या भटारखान्यातला नेगी, गढवालचा आहे, तंदूर सोडून बघायला आला.

ते बिचारे 'बू याव ल' म्हणत होते. याव म्हणजे पाहिजे. बू म्हणजे नाही. बू याव म्हणजे नको. आणि शेवटचा तो ल म्हणजे 'आता बास'. पोट फुटायला आलं, नको आता. आणि तू पंकीला काय म्हणत होतीस, तेपण तिनं लिहिलंय: "बघ, पंधरा दिसांत मराठी बोलाया लागलीत. 'यावं लई' म्हंत्यात, आन तू म्हंती बास झालं."

यावं लई! लई येऊ द्या!

तर असं आहे. याव म्हणाला आणि मान हलवली, तर वाढ. आधी बू लागला, की पळी मागं घे. तुला हे जमणार नाही, मला माहीत आहे. आपल्यात पाहुणा नको म्हणतो ते वाढा म्हणण्यासाठीच. ह्यांचंही एकमेकांत तसंच असतं, पण परक्या मुलखात भाषा येत नसताना माणूस नको म्हणतो ते खरंच नको असतं. हे मी अनुभवानं सांगतो.

माझी फजिती सांगतो म्हणजे तुला बरं वाटेल. इथं आलो तवा मी कांदे सोलायला आणि भांडी घासायला होतो. आमचं हे हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल, गिऱ्हाईक अर्धे आपल्याकडचे व्यापारी, अर्धे इथले. सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या शेवयांच्या दुकानात गेलो. मालकीण बाई आली आणि विचारलं, "हाय याव मा?" माझं निम्मं वाडगं शिल्लक होतं. मी म्हटलं, "हाय, हाय." हाय की अजून, असं. तर ह्यांच्यात हाय म्हणजे 'आणखी'. ती विचारत होती आणखी पाहिजे का, आणि मी म्हणत होतो आणखी, आणखी. दुसरं वाडगं आलं. तेपण खाल्लं, टाकायचं कसं? पुन्हा आली. हाय याव मा? मी म्हटलं, हाय की!

आठवीपर्यंत गुरुजी 'हाय' म्हटलं की हातावर छडी मारायचे, 'आहे' म्हण म्हणायचे. कागदावर मी बघ 'आहे'च लिहितो. तोंडात बसलं नाही ते नाहीच. तोंडात बसलं असतं तर तिसरं वाडगं वाचलं असतं.

आता मी भांड्यांना नाही, गल्ल्यावर आहे. आमच्यात वाढायला श्यावमेई नावाची मुलगी आहे, इथलीच, तिनं मला गल्ल्यापुरतं चिनी शिकवलं. वाचता एक अक्षर येत नाही. किती झाले, रोख की मोबाईल, सुटे आहेत का, एवढं येतं.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. तू म्हणाली होतीस, "जायचं तर जा, पर पुन्यांदा या दारात यायचं न्हाई." मी ते धरून आहे. आणि तू ये म्हणाल्याशिवाय मी यायचा नाही, हे माझंही ठरलंय. हा कागद म्हणजे येणं नाही. फक्त शब्द सांगितले.

अंगद

इवू. ४ ऑक्टोबर

माय,

इथं त्यांच्या देशाच्या सणाची सुट्टी चालू आहे. गावात गर्दी, बसायला फुरसत नाही. जेवणाच्या दोन पाळ्यांच्या मधे भिंतीला टेकून लिहितोय, अक्षर वाकडं येणार. तसं सरळ कधी होतं.

पंकीचा निरोप वाचला आणि मोठ्यानं नेगीला हिंदीत करून सांगितला. म्हणे तू त्यांच्या गाडीची वाट बघत पुणे-नगर रस्त्यावर जाऊन उभी राहिलीस. गाडी दिसली तशी पळी वर करून ओरडलीस, "बू याव चालंल! बू याव चालंल!" गाडी पुढं गेली, थांबली, मागं आली. त्यातला तो म्हातारा, लाव चौ, हसत हसत खाली उतरला. दुपारपासून सगळे पुन्हा आपल्याकडं.

मला वाटलं होतं तू हळूच पंकीला पाठवशील. तू स्वतः गेलीस. बरं केलंस.

आणि म्हणे आता ती तरणी पोरं तुला 'आयी' म्हणतात, आणि तू शेजारच्या टपरीवाल्याला सांगत असतेस, "परक्या मुलखाची लेकरं, पर आई म्हंत्यात." हे सांगू का नको असं झालं होतं. सांगतो. ह्यांच्यात आयी म्हणजे मावशी. इथं कुठल्याही बाईला, भाजीवालीलासुद्धा, आयी म्हणतात. पण तू टपरीवाल्याला सांगू नको. त्याला कुठं चिनी येतंय.

आता तू विचारलंस ते. मला नाही विचारलंस, हेपण कळलं. पंकीनं जसंच्या तसं लिहिलंय: "त्याला न्हाई, त्याच्या मालकाला इचार, ही मानसं जेवून उठली की मारामारी का करत्यात." मालकाला वेळ नाही, म्हणून मी सांगतो.

ती मारामारी नाही. ते बिलासाठी भांडतात. मी देणार, तू देणार नाही, असं. एकमेकाचा हात धरतात, नोटा खिशात परत कोंबतात, ढकलतातसुद्धा. तू म्हणे मधे पडून एकाच्या पाठीत पळी मारलीस. पंकी म्हणते तो मार खाऊनही हसत होता. हसणारच, तेवढ्यात त्यानं पैसे दिले असणार.

तुला वेगळं कशाला सांगायचं? पाथर्डीच्या गाडीत तू आणि सुमनमावशी तिकिटावरून काय करायच्या? तू कंडक्टरचा एक हात धरायचीस, ती दुसरा. "तिचं घेऊ नका हो, माझं घ्या." कंडक्टर म्हणायचा, "बाई, माझा हात सोडा, मला टिकटा फाडायच्यात." मी आणि पंकी शरमेनं खिडकीबाहेर बघायचो. तेच हे.

त्यात ते ओरडतात ते 'वो लाय, वो लाय'. वो म्हणजे मी. लाय म्हणजे येणं. मी येतो. पण पैसे द्यायच्या वेळी मी येतो म्हणजे 'तू बस, हे माझ्याकडं लागलं'. श्यावमेईला मी विचारलं, येण्याचा आणि देण्याचा संबंध काय? ती म्हणाली, "पुढं येतो तोच देतो ना. मागं बसून कोण देतं?"

तू काय कर, सगळ्यात आधी जो गुपचूप उठून तुझ्याकडं येईल त्याचे घे. जेवण संपायच्या आधी, हात धुवायच्या निमित्तानं एकजण येतोच. तो शहाणा. त्याचं घेतलं की भांडण मिटलं. आणि बसल्या जागेवरून कुणी हात वर करून 'मायदान' म्हणाला, तर दान वगैरे काही नाही, तुला हाकपण नाही मारली. मायदान म्हणजे किती झाले ते सांगा. मी पहिल्यांदा ऐकलं तवा मलाही चमकायला झालं होतं. समोर एक जाडा माणूस, तोंडात पापड, आणि हात वर करून माय माय करतोय.

आणखी एक. लाव चौनं अंगठा आणि करंगळी दाखवली आणि तू त्याला हाकललंस, "ती हितं मिळत न्हाई, हायवेला जा." माय, तो दारू मागत नव्हता. ह्यांच्यात एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा-करंगळी म्हणजे सहा. सहा भाकरी सांगत होता टेबलाला. अंगठा आणि पहिलं बोट बंदुकीसारखं धरलं तर आठ. बंदूक दाखवली म्हणून घाबरू नको, आठ भाकरी टाक.

मोबाईलनं पैसे देतो म्हणाले तर बू याव म्हण. त्यांचा मोबाईल आपल्या स्कॅनच्या चौकोनाला लागत नाही. रोखच घे.

पंके, इथून पुढची ओळ मनात वाच. माझा करार जानेवारीअखेर संपतोय. मालक म्हणतात गल्ल्यावर राहणार असशील तर दोन वर्षांचा नवा करतो. मी अजून काही सांगितलेलं नाही. मायला बोलू नको.

अंगद

इवू. २९ ऑक्टोबर

माय,

पंकीला मनात वाच म्हटलं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं. पंके, तुला आता मी काय बोलू?

आणि तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे की तिकडंच. हितं कुणाचं अडलंय."

बरं.

पंकीनं पुढं असंही लिहिलंय की तुझी तव्यावरची भाकरी करपली, आणि तुझी भाकरी करपलेली तिनं जन्मात पहिल्यांदा बघितली. ते तिनं कशाला लिहिलं कोण जाणे. भाकरी करपते कधी कधी. तवा जास्त तापला असेल.

मी फक्त शब्द लिहितो.

सुटे परत देणं म्हणजे 'जाव छ्येन'. छ्येन म्हणजे पैसे. कुणी पाचशेची नोट दिली आणि तुझ्याकडं मोड नसली, तर दोन्ही हात हलवून म्हण 'मेयओ', म्हणजे नाही. ते पोरांत गोळा करून देतील.

ह्या जाववरून माझं आणि श्यावमेईचं बोलणं झालं, ते लिहू का नको. लिहितो, तुला काय, तू काही बोलणार नाहीसच. मी तिला विचारलं, नुसतं जाव म्हणजे काय? ती म्हणाली, जाव म्हणजे शोधणं. हरवलेली किल्ली शोधतात ते जाव. काम शोधतात तेपण जाव. आणि गिऱ्हाइकाला उरलेली मोड परत देतात तेही जाव. मी म्हटलं, आमच्यात जावं म्हणजे निघून जाणं. ती हसली आणि म्हणाली, "मग तू निघून आलास ते काय शोधायला?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बरं झालं.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू चारचौघांत म्हणायचीस. प्रेसच्या खात्यात चार महिने, पॅकिंगला दोन, टेम्पोवर क्लीनर, सोनईला ट्रॅक्टरच्या दुकानात, मग तुझ्या गल्ल्यावर. तुझ्या गल्ल्यावर मी नीट बसत होतो, मोड चुकवत नव्हतो. पण समोरून गाड्या जायच्या ना. दिवसभर नुसत्या जायच्या. तू भट्टीकडं तोंड करून असायचीस, तुला त्या दिसायच्या नाहीत. मला दिसायच्या. एवढंच झालं.

इथं मी गल्ल्यावर बसतो तवा समोर भिंत आहे. भिंतीवर कॅलेंडर. वाचता येत नाही.

अंगद

इवू. १७ डिसेंबर

माय,

लई दिवस कागद नाही. पंकीचाही काही निरोप नव्हता. मला वाटलं आता संपलं. मी शब्दही काही ठेवले नव्हते सांगायला, सगळे देऊन झाले होते.

काल मालकांनी मोबाईल पुढं केला, "तेरी बहन का है." वाचलं. चिन्यांचं काम संपत आलं, जानेवारीच्या सुरुवातीला ते इकडं चीनला परत येणार. ते निघायच्या आधी तू त्यांना एक जेवण घालणार आहेस, आणि त्या जेवणाचे पैसे घ्यायचे नाहीत. पण लाव चौ ऐकणारा नाही, तो नोटा टाकून पळेल, तर 'आज पैसे घेणार न्हाई' हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं.

पंके, नीट लिही. तू लिहिलंयस, "माय म्हनली, त्याला इचार." ह्या वेळी 'मालकाला' असं ती म्हणाली नाही का? 'त्याला' म्हणजे मला? का मालकालाच ती त्याला म्हणाली? तू घाईत लिहितेस आणि माणूस इथं दिवसभर तेच धरून बसतो. एका गिऱ्हाइकाला मी आज दुप्पट मोड दिली.

कुणालाही विचारलं असलं तरी उत्तर एकच आहे. लांबलचक वाक्य नको. छातीवर हात ठेव आणि म्हण, वो लाय. मी येते. हे माझ्याकडं लागलं. तो हात धरेल, तू सोडवून घे. तो पुन्हा धरेल. सुमनमावशी समज आणि लाग. त्यांच्यात हे जेवढं जोरात होईल तेवढा मान.

कोंबडं करणार असशील तर तुकडे मोठे ठेव, ह्यांना हाडं चघळत बसायला आवडतं. ठेचा वेगळा ठेव. लाव चौ तिखट खाणाऱ्या मुलखातला असेल तर तो सगळा खाईल, बाकीचे बघतीलसुद्धा नाहीत.

मालकांनी परवा पुन्हा विचारलं. त्यांना माणूस बघायला लागेल, त्यांचंही बरोबर आहे. म्हणाले, नव्या वर्षात सांग, पुढं थांबणार नाही. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं सांगतो.

इथं थंडी लई आहे. पाणी हाताला लागलं की बोटं आपली वाटत नाहीत. नेगीच्या तंदूरमुळं चाललंय.

अंगद

इवू. १२ जानेवारी २०२६

माय,

आज काय झालं ते सरळ सांगतो, नाहीतर मधेच काहीतरी सुटेल.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा आत आला. अंगात निळं जाकीट, हातात आपल्याकडच्या कापडदुकानाची पिशवी. पिशवीवर मराठीत 'सुपा' लिहिलेलं. माझी नजर पिशवीवरच अडकली. तो गल्ल्यासमोर उभा राहिला, मला खालून वर बघितलं आणि म्हणाला, "बू याव चालंल!"

लाव चौ! ह्यांची कंपनी इथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तुम्ही त्याला हॉटेलचं नाव कागदावर लिहून दिलंत. बसवलं. श्यावमेई मधे बसली, माझं चिनी गल्ल्यापुरतंच आहे ना. त्यानं पिशवीतून डबा काढला. शेंगदाण्याची चटणी. विमानतळावर उघडून बघितली म्हणे, हुंगली, आणि परत दिली. नेगीनं बोट बुडवलं आणि आणखी मागितली. मी म्हटलं, बू याव चालंल.

मग त्यानं मोबाईल काढला आणि तुमच्या जेवणाचा व्हिडिओ लावला.

माय, तू बारीक झालीस. आणि भट्टी कधी हलवली? आता तुझं तोंड रस्त्याकडं आहे.

व्हिडिओत लाव चौ नोटा काढतो. तू छातीवर हात मारतेस. "वो लाय!" तो तुझा हात धरतो. "वो लाय, वो लाय!" तू नोटा त्याच्या खिशात कोंबतेस, तो काढतो, पंकी हसून खाली बसते, सगळी पोरं टेबल बडवतात. शेवटी तू पळी उचललीस तवा त्यानं हात जोडले. श्यावमेई बघत होती, म्हणाली, "तुझी आई इथल्या बायकांपेक्षा चांगलं भांडते."

इथवर मी हसत होतो.

पुढं लाव चौ मोबाईलमध्ये काहीतरी बोलतो आणि मोबाईल तुझ्यापुढं धरतो. मोबाईलमधली बाई हिंदीत विचारते, "आपका बेटा इवू में है. मैं उससे मिलूँगा. उसे क्या कहूँ?"

तू हात पदराला पुसलेस. पुसतच राहिलीस. मग रस्त्याकडं बघितलंस आणि एकच शब्द बोललीस.

"याव."

आणि आत गेलीस.

लाव चौनं मोबाईल ठेवला आणि मला म्हणाला, म्हणजे श्यावमेईनं सांगितलं, "एवढाच निरोप आहे. तुझी आई म्हणाली, पाहिजे. मी विचारलं नव्हतं काय पाहिजे, पण कळलं."

मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा लावला. मी म्हटलं, ती चिनी बोलत नाही, हे मराठी आहे. आमच्यात यावं म्हणजे यायला पाहिजे. श्यावमेई म्हणाली, छे, आवाज वरून खाली कसा पडतो बघ, अगदी आमचं याव आहे, मी शिकवलेल्या कुणाला इतकं चांगलं येत नाही. लाव चौ म्हणाला, ती माझ्याशी बोलत होती, म्हणजे चिनीच. नेगी म्हणाला, "अरे, माँ बोली है, अब इसमें क्या चीनी क्या मराठी." तोपर्यंत आत दाल लागली होती.

मी एकटा विचार करत बसलो. मराठी म्हणावं तर पोराला कुणी यावं म्हणत नाही. पाहुण्याला म्हणतात, "यावं बरं का एकदा." पोराला म्हणतात ये. तू मला कधीच ये सोडून दुसरं म्हणाली नाहीस, ये आणि मर, हेच दोन. मग एकदम लक्षात आलं. ये म्हणायचं नाही हे तू ठरवलेलं. ते तू मोडलं नाहीस. तू फोन नको म्हणालीस तवा मी कागद काढला, आणि तुला ये म्हणायचं नव्हतं तवा तू याव काढलंस. उगीच लोक म्हणत नव्हते की पोरगं आईवर गेलंय.

चिनी असलं तर पाहिजे. मराठी असलं तर ये. मी दोन्हीकडून वाचून बघितलं, माय. बू कुठंच लागत नाही.

लाव चौ उठला आणि गल्ल्याकडं निघाला. मला माहीत होतं तो हेच करणार. मी त्याच्या आधी पोचलो आणि आडवा झालो. त्यानं हात धरला. मालक बघत होते, म्हटलं बघू देत. छातीवर हात ठेवला आणि एवढ्या जोरात म्हणालो की बाहेरचा भाजीवाला आत डोकावला. लाव चौनं सोडून दिलं. माझ्या पाठीवर थाप मारून गेला, पिशवी मला ठेवून.

मग मालकांकडं गेलो. म्हणाले, "हां, बोल, क्या सोचा?" मी म्हटलं, बू याव. चिनी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, समजवावं लागलं नाही. म्हणाले, त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीआधी सोडतो, तोपर्यंत श्यावमेईला गल्ला शिकव. तीच मला शिकवत होती, आता मी तिला काय शिकवू? मोड चुकवायची कशी, एवढं शिकवीन.

एक आधीच सांगून ठेवतो, मागाहून बोलू नको. मी येतो म्हणजे कायमचा बसतो असं म्हणत नाही. भिंगरी तशीच आहे. चार महिने टिकेन, वर्षभर टिकेन, पुन्हा कुठं जाईन, मला सांगता येत नाही. पण भट्टीचं तोंड तू रस्त्याकडं केलंयस, तर आता गाड्या दोघांनाही दिसतील. आणि पुढच्या वेळी जाताना यायचं नाही असलं काही म्हणू नको. दुसऱ्या देशाची भाषा शिकायला लागते मग दोघांना.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला उतरीन. तिथून नगरची एसटी धरीन, सुप्याला उतरीन. कुणी घ्यायला यायचं नाही. कुणी बरोबर असलंच, तर तिकीट मी काढणार, कंडक्टरचा हात धरायचा नाही.

पंके, ही शेवटची ओळ मनात नको. मोठ्यानं वाच, आणि मायचे हात पिठात असले तरी तिला इकडं बघायला सांग:

माय, वो लाय.

अंगद